रेटा देण्याआधी टेकू: वाकड्या उजव्या धमनीतल्या एका अँजिओप्लास्टीचं प्रकरण

पडद्यावर आमच्या सगळ्यांची नजर दोन काळ्या ठिपक्यांवर होती. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) ज्या बलूनवर बसवलेला असतो त्या बलूनचे हे मार्कर. ते दुसऱ्या वळणापाशी येऊन थबकले होते. मुख्य ऑपरेटर असलेल्या आमच्या सरांनी आणखी जरासा रेटा दिला आणि त्याच ठोक्याला गाइड कॅथेटरचं, म्हणजे ज्या नळीतून ही साधनं आत जातात तिचं, टोक धमनीच्या मुखातून निसटलं, महाधमनीत येऊन लटकलं. बलून जिच्यावरून सरकतो ती वायर अजून धमनीतच होती, पण तिच्या मधल्या भागाची महाधमनीत कमान झाली होती. न फुगवलेला स्टेंट मात्र धमनीत अडकलेला, मागे कसलाही आधार नसलेला.

दुसरा ऑपरेटर म्हणून गाइड धरून ठेवण्याचं काम माझं होतं. नंतर फ्लुओरोचं (हलत्या एक्स-रेचं) साठवलेलं चित्रण सावकाश पाहिलं तेव्हा कळलं, की गाइड एका क्षणात निसटलं नव्हतं. आधीचे सात-आठ ठोके ते दर ठोक्याला केसभर मागे येत होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर घडत होतं आणि मी स्टेंटकडे बघत होतो.

कॅथलॅबमध्ये नव्याने उभं राहणाऱ्या डॉक्टरांसाठी, टेक्निशियन आणि सिस्टर यांच्यासाठी हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. कॅथेटर स्थिर ठेवणारी साधनं आता बहुतेक ठिकाणी कपाटात असतात. ती कधी बाहेर काढायची आणि काढल्यावर कशाची भीती बाळगायची, याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

रुग्ण

७४ वर्षांच्या आजी. अंगकाठी लहान, मधुमेह जुना, रक्तदाबाची औषधं चालू. दोन आठवड्यांत तीनदा बसल्या जागी छातीत दुखलं होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण असलेलं ट्रोपोनिन वाढलेलं होतं आणि ईसीजीत खालच्या भिंतीच्या लीड्समध्ये टी-वेव्ह उलट्या दिसत होत्या. क्रिएटिनिन १.६, म्हणजे त्यांच्या वयाला जीएफआर, मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता, ३३ च्या आसपास. डायचे (धमन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडायच्या द्रवाचे) मिलिलिटर जीएफआरच्या तिपटीच्या आत ठेवायचे हा ढोबळ नियम आम्ही पाळतो, त्यामुळे आमच्या हातात जेमतेम १०० मिलि होते. हा आकडा लक्षात ठेवा. गाइड दर वेळी निसटलं की ते पुन्हा बसवायला आणि बसलं का ते बघायला डाय लागतो. आधार कमी पडल्याची किंमत अशी थेट मूत्रपिंडाला मोजावी लागते.

दोन दिवस आधी केलेल्या अँजिओग्राफीत डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीत, एलएडीत, ५० ते ६० टक्के अडथळा होता. तो सध्याच्या दुखण्याचा धनी वाटत नव्हता. दोष उजव्या धमनीत होता. मधल्या भागात ९० टक्के अरुंदपणा आणि डाय न सोडताही दिसावी इतकी कॅल्शियमची कड. त्यावर कडी म्हणजे धमनीचा आकार. महाधमनीतून निघाल्यावर ती आधी वर चढत होती आणि मग एकदम वळून खाली येत होती, मेंढपाळाच्या आकड्याच्या काठीसारखी. इंग्रजीत याला शेफर्ड्स क्रूक म्हणतात. अरुंद जागा या आकड्याच्या पुढे, दुसऱ्या एका वळणानंतर होती. मुखापाशीही थोडा, ३० टक्क्यांचा, जुना थर होता. हा किरकोळ वाटणारा थर पुढे महत्त्वाचा ठरला.

रेटा कुठे जातो

निसरड्या फरशीवर उभं राहून जड कपाट ढकलून पाहा. कपाट जागचं हलत नाही, तुमचेच पाय मागे सरकतात. अँजिओप्लास्टीत कपाट म्हणजे बलून किंवा स्टेंट, आणि पाय म्हणजे गाइड कॅथेटर. बलून पुढे सारला की तेवढाच रेटा उलट्या दिशेने गाइडला बसतो. गाइडने पाय रोवले असतील तरच बलून पुढे जातो.

हे गाइड किती नाजूक असतं ते मापांवरून कळेल. ६ फ्रेंच म्हणजे बाहेरून २ मिमी जाडीची नळी, कारण ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. आतली पोकळी साधारण १.८ मिमी. तिच्यातून जाणारी वायर ०.०१४ इंच, म्हणजे सुमारे ०.३६ मिमी. नळी मनगटातून आत शिरते आणि खांद्याजवळची वळणं घेत जवळजवळ एक मीटर दूर हृदयधमनीच्या मुखाशी पोचते. तिथे तिचं टोक धमनीच्या तोंडात जेमतेम काही मिलिमीटर टेकलेलं असतं. शिवाय हृदय धडधडत असतं. दर ठोक्याला उजवी धमनी झोका घेते आणि गाइडच्या टोकालाही झोका देते.

गाइडला पाय रोवायला दोन वाटा असतात. एक म्हणजे त्याचा आकारच असा की पाठ महाधमनीच्या समोरच्या भिंतीला टेकते. त्याला पॅसिव्ह सपोर्ट म्हणतात. नळी जितकी जाड, समोरच्या भिंतीशी तिचा कोन जितका काटकोनाच्या जवळचा आणि भिंतीला टेकलेला भाग जितका लांब, तितका हा आधार पक्का. दुसरी वाट म्हणजे ऑपरेटरने गाइड फिरवत धमनीत आणखी आत सारायचं, तो ॲक्टिव्ह सपोर्ट. यात ताकद मिळते, पण गाइडच्या कडेने धमनीचं आतलं अस्तर सोलून निघण्याचा धोकाही वाढतो.

थोडं मागे जाऊन सांगतो. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये झुरिकला अँड्रियास ग्रुंटझिग यांनी जागृत माणसाच्या हृदयधमनीत पहिली बलून अँजिओप्लास्टी केली ती मांडीतून, आजच्यापेक्षा जाड गाइड वापरून. लुसियाँ कांपो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफी केल्याचं प्रसिद्ध केलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ॲमस्टरडॅममध्ये फर्डिनांड कीमेनेय यांनी मनगटातून अँजिओप्लास्टी सुरू केली. मनगटाची वाट आज सर्वत्र आहे, आणि ती योग्यच आहे. जखमेच्या जागी रक्तस्राव कमी होतो, रुग्ण लवकर उठून बसतो. पण मनगटाची धमनी बारीक, म्हणून गाइडही बारीक झालं आणि खांद्याच्या वळणात हाताचा पीळ वाया जाऊ लागला. जाड नळीबरोबर जो आधार फुकट मिळत होता तो गेला. आधार देणाऱ्या वेगळ्या साधनांची गरज वाढली ती इथून.

पहिला तास

उजव्या मनगटातून ६ फ्रेंचची शीथ, म्हणजे आत जायची वाट उघडी ठेवणारी आखूड नळी, घातली. रक्त गोठू न देणारं हेपरिन दिलं, एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, २८१ सेकंद आला. गाइड निवडलं जेआर ४, म्हणजे जडकिन्स राइट.

इथे थांबून सांगायला हवं, की ही निवड सवयीने झाली. उजवी धमनी म्हटलं की हात आपोआप जडकिन्स राइटकडे जातो. बहुतेक उजव्या धमन्यांना ते पुरतंही. पण जेआरची पाठ समोरच्या भिंतीला नीट टेकत नाही, ते मुखाशी नुसतं टोक लावून उभं राहतं. वर चढणाऱ्या धमनीत तर त्याचं टोक आणि धमनीची दिशा जुळतच नाही. दोन दिवस आधीची फिल्म आमच्याकडे होती. ती गाइड निवडण्यासाठी म्हणून आम्ही पाहिलीच नव्हती. अडथळा किती टक्के, एवढंच पाहिलं होतं.

मायक्रोकॅथेटर या अगदी बारीक नळीच्या मदतीने वायर अडथळ्यापलीकडे गेली. त्यावरून २ मिमीचा बलून सारला. तो आकड्याच्या वळणापर्यंत गेला आणि गाइड मागे सरकू लागलं. सर म्हणाले, “बडी घाल.” पहिल्या वायरीशेजारी दुसरी वायर टाकली. बडी वायरने धमनी थोडी सरळ होते, बलूनला घसरायला रूळ मिळतो आणि गाइडलाही किंचित पकड येते. २ मिमीचा तरीही गेला नाही. १.५ मिमीचा गेला. त्याने वाट केल्यावर २ मिमीचा गेला आणि मग २.५ मिमीचा नॉन-कम्प्लायंट (जास्त दाबालाही मापाबाहेर न फुगणारा) बलून १८ ॲटमॉस्फिअरला पूर्ण फुगला. दोन वेगवेगळ्या कोनांतून पाहिलं, अडथळ्यापाशी बलूनला पडणारी कंबर राहिली नव्हती. आयव्हीयूएसचं, म्हणजे धमनीच्या आतून सोनोग्राफी करणारं, कॅथेटर मात्र दुसऱ्या वळणापुढे जाईना.

हा इशारा होता. बलून फुगवताना अडथळा मोकळा झाला होता, म्हणजे आता आडवा येत होता तो अडथळा नव्हता, वाट होती. रेटा दिल्यावर आधी काय हलतं, हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय मला तेव्हा नव्हती. गाइड जागचं न हलता बलूनचा दांडा अडथळ्यासमोर वाकत असेल तर दोष कॅल्शियमचा. अशा वेळी रोटाब्लेशन किंवा शॉकवेव्हसारखं कॅल्शियम फोडणारं साधन लागतं, कितीही आधार दिला तरी भागत नाही. गाइडच मागे येत असेल तर दोष टेकूचा. आमच्याकडे सुरुवातीला दोन्ही दोष होते. पहिला आम्ही दूर केला आणि दुसरा तसाच ठेवून २.७५ बाय २८ चा स्टेंट आत घातला. पुढे काय झालं ते सुरुवातीला लिहिलंच आहे.

निसटल्यानंतर

त्या क्षणी घाईने गाइड पुढे ढकलण्याचा मोह होतो. सरांनी उलटं केलं. वायर घट्ट धरायला सांगून त्यांनी स्टेंटचा दांडा अगदी हळू मागे ओढला. स्टेंट वळणात अडकलेला होता, त्यामुळे तो ओढताच गाइड आपसूक पुढे येऊन धमनीच्या मुखात बसलं. तोच नियम, फक्त दिशा उलटी. पुढे ढकललं की गाइड मागे, मागे ओढलं की गाइड पुढे. मुख आणि गाइड एका रेषेत आल्याची खात्री झाल्यावरच स्टेंट गाइडच्या आत घेतला. वाकड्या कोनात घेतला असता तर गाइडच्या कडेला घासून तो बलूनवरून निघून येऊ शकला असता.

बाहेर आलेला स्टेंट सिस्टरने ओल्या गॉजवर ठेवला. मी हातमोज्याच्या बोटाने तो दुसऱ्या टोकापासून चाचपला. पुढच्या कडेची एक तार किंचित उचलली होती. डोळ्यांना दिसायला वेळ लागला, बोटाला लगेच लागली. तो स्टेंट बाजूला टाकला.

तोवर ६२ मिलि डाय गेला होता. सरांनी फ्लुओरोच्या पॅडलवरून पाय काढला आणि म्हणाले, “आता दोन मिनिटं कोणी काही करायचं नाही. आजी, ठीक आहात ना?” आजी म्हणाल्या, “पाठ दुखतेय, बाकी काही नाही.” सिस्टरने त्यांच्या पाठीखालची चादर सारखी केली.

ती दोन मिनिटं मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटतात. तेव्हा पहिल्यांदाच आम्ही आधाराबद्दल बोललो.

कोणता टेकू

पहिला विचार गाइड बदलण्याचा झाला. ॲम्प्लॅट्झ लेफ्टची पाठ महाधमनीच्या तळाशी आणि समोरच्या भिंतीला भक्कम टेकते. वर चढणाऱ्या उजव्या धमनीला ते शोभतंही. पण त्याचं टोक मुखात खोल जातं आणि आमच्या आजींच्या मुखापाशी थर होता. शिवाय या गाइडचा एक स्वभाव नव्या माणसाने पाठ करावा असा आहे: ते सरळ मागे ओढलं तर टोक बाहेर न येता आधी आणखी आत घुसतं. ते काढताना आधी हलकेच पुढे सारून फिरवावं लागतं. हे माहीत नसलेल्या हातांनी धमनीची मुखं फाटलेली आहेत. सुरुवातीलाच निवडलं असतं तर आम्ही ते काळजीने बसवलंही असतं. पण मोठ्या कष्टाने पार केलेल्या वायरीवरून आता गाइड बदलायचं म्हणजे वायर गमावण्याची जोखीम होती.

दुसरा पर्याय अँकर बलूनचा. अडथळ्याच्या अलीकडे एखादी उपशाखा असेल तर तिच्यात छोटा बलून कमी दाबाने फुगवून ठेवायचा. नांगर टाकल्यासारखं गाइड त्याला बांधलं जातं आणि मुख्य धमनीत रेटा दिला तरी मागे येत नाही. युक्ती जुनी आणि गुणाची आहे. पण इथली उजव्या कप्प्याची शाखा बारीक होती, आणि तिथला रक्तपुरवठा अडवून ठेवला की हृदयाचा ताल बिघडू शकतो. शिवाय नांगराने गाइड जागेवर राहिलं असतं, तरी स्टेंटला खरबरीत वळणावरून घासतच जावं लागलं असतं.

मांडीतून जाऊन ७ फ्रेंचचं गाइड लावणं हा तिसरा मार्ग. तो आम्ही राखून ठेवला.

उरलं गाइड एक्स्टेन्शन. म्हणजे गाइडच्या पोटातून जाणारी आणखी एक मऊ नळी. गाइड मुखापाशी उभं राहतं आणि ही आतली नळी धमनीत पुढे सरकते. आईच्या पोटातून लेकरू, म्हणून या पद्धतीला मदर-अँड-चाइल्ड म्हणतात. जपानमधल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २००४ मध्ये ६ फ्रेंचच्या गाइडमधून ५ फ्रेंचचं लांब गाइड घालून आधार वाढतो हे दाखवलं होतं. त्यात पूर्ण लांबीची नळी घालावी लागे, म्हणजे काम अर्ध्यावर असताना ती आणणं त्रासाचं होतं. २००९ पासून रॅपिड एक्स्चेंज प्रकारची एक्स्टेन्शन्स मिळू लागली. पुढचे सुमारे २५ सेंटिमीटर एवढीच नळी आणि मागे नुसती धातूची बारीक दांडी. हातातलं काम तसंच ठेवून गाइडच्या बाहेरच्या तोंडाला लावलेल्या वाय-कनेक्टरमधून ती आत सारता येते.

आमच्या दृष्टीने तिचा गुण दुहेरी होता. एक, टेकू मुखाऐवजी थेट धमनीच्या आत मिळतो. वळणांमध्ये नळीचं सगळं अंग भिंतीला लागून बसतो आणि मागे येणारा रेटा त्या लांबीभर वाटला जातो. दोन, स्टेंट धमनीच्या कॅल्शियमवरून घासत जात नाही, गुळगुळीत नळीतून जातो. माझ्या मते दुसरा गुण पहिल्याइतकाच मोठा आहे.

नळी आत जाताना

आधी बडी वायर काढली. दोन वायरी एकमेकींना पीळ घालतात आणि त्या पिळाला एक्स्टेन्शन अडतं. मग उरलेल्या वायरीवरून २.५ मिमीचा बलून मधल्या भागापर्यंत नेला, तो एकदा मोकळ्या झालेल्या जागेत ८ ॲटमॉस्फिअरला फुगवला आणि त्याच्या दांड्याचा रूळ करून एक्स्टेन्शन सारायला सुरुवात केली. फुगलेला बलून पुढे खिळलेला असतो. त्याला हलकं मागे ओढून धरलं की मागची नळी पुढे सरकते. मग बलून उतरत असताना नळी आणखी थोडी पुढे. अळी जशी पुढचं टोक रोवून मागचं अंग ओढून घेते, तसंच. नळी नुसतीच ढकलली असती तर तिची उघडी कड वळणाच्या भिंतीला खरवडत गेली असती. बलूनच्या दांड्यामुळे ती वाटेच्या मध्यावर राहते.

या वेळी माझी नजर गाइडच्या टोकावर होती. माझा डावा हात शीथच्या तोंडाशी, गाइड चिमटीत. आकड्याच्या वळणातून नळी वर जाताना गाइड एकदा मागे येऊ लागल्याचं आधी बोटांना कळलं, मग पडद्यावर दिसलं. मी “मागे येतंय” म्हणालो आणि सर थांबले. एवढंच. पण तासाभरापूर्वी हेच व्हायला हवं होतं.

नळी वळण पार करून गेली आणि गाइडच्या टोकाशी मोजल्या जाणाऱ्या प्रेशरची लाट बदलली. १३२ वर ७० ची उभी, टोकदार लाट होती. ती बसकी होत होत जवळजवळ सपाट झाली. आजी म्हणाल्या, “छातीत दाबल्यासारखं होतंय.” ईसीजीत खालच्या लीड्समध्ये एसटीचा भाग उचलला जाऊ लागला, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत होतं.

हे डॅम्पिंग. गाइड एक्स्टेन्शनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. नळीने धमनी बुचासारखी बंद केली होती. मुखापाशी थर, त्यात धमनी लहान, रक्ताला कडेने जायला जागाच उरली नव्हती. अशा वेळी काय चाललंय ते बघायला डाय मारायची ऊर्मी येते. सिरिंज माझ्या हातात होती. सर म्हणाले, “सिरिंज खाली ठेव.” बुच बसलेल्या नळीतून डाय जोराने सोडला तर त्याला मागे यायला वाट नसते. तो धमनीचं अस्तर फाडत पुढे जातो आणि दुरुस्त करायला गेलेली धमनी टोकापर्यंत चिरली जाते. डायच्याच दाबाने झालेल्या अशा चिरा सावरणं फार कठीण असतं.

नळी सेंटिमीटरभर मागे घेतली. लाट पुन्हा उभी राहिली, एसटी मिनिटाभरात खाली आला. आजींना विचारलं, त्या म्हणाल्या, “गेलं.” नळी किती खोल न्यायची हे त्या लाटेनेच आम्हाला सांगितलं. पुढचं प्रत्येक पाऊल आम्ही लाटेकडे बघून टाकलं, आणि जिथे नळी नाइलाजाने खोल न्यावी लागली तिथे स्टेंट पुढे जाताच ती लगेच मागे घेतली.

बलून बाहेर काढतानाही एक काळजी असते. अरुंद नळीतून बलून झटक्याने ओढला की मागे पोकळी तयार होते आणि वाय-कनेक्टरमधून हवा आत शोषली जाऊ शकते. म्हणून बलून सावकाश काढला, झडप उघडून रक्त भरपूर मागे येऊ दिलं आणि मगच पुढची नळी जोडली.

आता आयव्हीयूएस अडथळ्यापलीकडे सहज गेला. पुढची निरोगी धमनी २.८ मिमीची होती, आणि कॅल्शियमला दोन ठिकाणी चीर गेलेली दिसली. म्हणजे स्टेंट पूर्ण फुगण्याची आशा होती.

नवा स्टेंट आत घातला. तो अजून छातीपर्यंतही आला नव्हता आणि सरांच्या बोटांना अडल्यासारखं लागलं. फ्लुओरो खांद्याकडे नेला. एक्स्टेन्शनची नळी जिथे सुरू होते तिथे एक कॉलर असते, दांडी आणि नळी जोडणारी. नेमकी ती खांद्याजवळच्या वळणात आली होती आणि स्टेंटची पुढची कड तिच्यावर टेकली होती. इथे रेटा दिला तर स्टेंट वाकतो किंवा बलूनवरून सरकतो. एका दिवसात दुसरा स्टेंट वाया गेला असता, आणि हे हृदयापासून इतकं लांब घडतं की हृदयाकडे बघणाऱ्याला ते दिसतही नाही. स्टेंट थोडा मागे घेतला, एक्स्टेन्शन दोन-तीन सेंटिमीटर मागे ओढून कॉलर सरळ भागात आणली. स्टेंट आत शिरला. मग स्टेंट आणि नळी दोन्ही मिळून पुढे.

शेवटच्या वळणाशी पुन्हा किंचित अडलं. सर म्हणाले, “आजी, मोठा श्वास घ्या. घ्या, घ्या, धरा.” खोल श्वासाने छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली जातो, हृदय उभं होतं, धमनी थोडी ताणून सरळ होते. त्या एका श्वासात स्टेंट जागेवर गेला. नळी मागे घेऊन तो उघडा केला, फुगवला. नंतर ३ मिमीचा नॉन-कम्प्लायंट बलून १८ ॲटमॉस्फिअरला. आयव्हीयूएसवर स्टेंटच्या आतलं सर्वांत कमी क्षेत्रफळ ६.१ चौरस मिमी आलं. ५.५ च्या वर असावं असं धरलं जातं, त्यामुळे समाधान झालं. एक्स्टेन्शन गाइडमध्ये ओढून घेतल्यावर, लाट नीट उभी असल्याची खात्री करून, हलक्या हाताने एक शेवटचं इंजेक्शन दिलं. मुखापाशी चीर नव्हती. नळी जिथवर गेली होती तो सगळा भाग मुद्दाम पाहिला, कारण चीर असेल तर ती तिथेच सापडते. एकूण डाय ९४ मिलि. म्हणजे गाइड निसटेपर्यंत ६२ आणि त्यानंतरच्या सगळ्या कामाला ३२.

आमचं काय चुकलं

एक्स्टेन्शनने काम फत्ते झालं, पण ते आम्ही उशिरा काढलं. आयव्हीयूएस अडला तेव्हाच काढायला हवं होतं. पहिला स्टेंट खराब झाला, डाय गेला, आणि वाईटात वाईट झालं असतं तर तो स्टेंट महाधमनीत सुटला असता. पुष्कळ ठिकाणी एक्स्टेन्शन हे हरल्यावर काढायचं साधन मानतात. कॅल्शियम आणि दोन वळणं एकत्र दिसली की ते सुरुवातीच्याच यादीत असावं असं माझं ठाम मत झालं आहे. याचा अर्थ ते प्रत्येकाला घालावं असा नाही. प्रत्येक जास्तीची नळी धमनीच्या अस्तरावरून जाते आणि प्रवाह अडवते. चांगलं बसलेलं योग्य आकाराचं गाइड हा अजूनही सर्वांत सुरक्षित टेकू आहे, आणि तो केसच्या आधी, शांतपणे फिल्म बघून निवडता येतो.

हाच विचार इतर कामांतही दिसतो. मेंदूच्या धमन्यांत गुठळी काढणारे लोक लांब शीथ, तिच्यात मधलं कॅथेटर, त्यात मायक्रोकॅथेटर असा थरावर थर रचतात, म्हणजे प्रत्येक नळीला मागच्या नळीचा टेकू. मायट्रल झडपेला क्लिप लावताना तर २४ फ्रेंचच्या गाइडची मूठ हातात धरून ठेवत नाहीत. टेबलावर बसवलेल्या स्टॅबिलायझरमध्ये ती अडकवतात, कारण बाहेर मूठ जराशी ढळली तरी डाव्या कर्णिकेत टोक क्लिपची जागा सोडतं. माणसाचा हात थकतो, थरथरतो, आणि मुख्य म्हणजे त्याचं लक्ष दुसरीकडे जातं. माझं गेलं होतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे कामाची वाटणी बोलून होते. पहिला ऑपरेटर बलून किंवा स्टेंट बघतो. दुसरा ऑपरेटर गाइडचं टोक बघतो आणि ते हललं की मोठ्याने सांगतो. प्रेशरची लाट टेक्निशियन बघतो आणि ती बसली की तोही मोठ्याने सांगतो, कोणी विचारायची वाट न बघता. कनिष्ठाने वरिष्ठाला “थांबा” म्हणणं सुरुवातीला जड गेलं. सरांनीच पहिल्या दोन-तीन केसमध्ये मुद्दाम “गाइड कुठे आहे?” असं विचारून ते अंगवळणी पाडलं.

आजींचं क्रिएटिनिन दुसऱ्या दिवशी १.७ झालं आणि ४८ तासांनी पुन्हा १.६ वर आलं. तिसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या. सहा आठवड्यांनी तपासणीला आल्या तेव्हा बसल्या जागी दुखणं थांबलं होतं, जिना चढताना मात्र थोडी धाप लागत होती. एलएडीतल्या अडथळ्याचा निर्णय प्रेशर वायरने धमनीतला दाब मोजून घ्यायचं ठरलं आहे. त्यासाठीची जुनी फिल्म आम्ही पुन्हा काढून बसलो, या वेळी गाइडचं टोक कुठे आणि कसं बसेल ते बघायला.